पाटावर कोण बसणार

मला भावंड नाही. त्याचं मला लहानपणी कधी वाईट वाटलं नाही, उलट चकलीचा डबा, टीव्हीचा रिमोट आणि पप्पांच्या स्कूटरवरची जागा यांत कुणी वाटेकरी नाही म्हणून मी खूशच असायचे. बहीण मला झाली ती विसाव्या वर्षी, आणि तीही मी घरात नसताना. त्यामुळे इतर मुलं पाचव्या-सहाव्या वर्षी जो मत्सर करून मोकळी होतात, तो मला जपानात, हॉस्टेलच्या खोलीत बसून करावा लागला.

झालं असं की नाशिकच्या आमच्या कॉलेजात जपानी भाषा शिकवायचे, आणि तिसऱ्या वर्षाला एका जपानी विद्यापीठाशी अदलाबदल ठरली. आपली एक मुलगी वर्षभर तिकडे, त्यांची एक इकडे. माझी निवड झाली. मावशीच्या मुलींची तोंडं बघण्यासारखी झाली होती आणि मी ती मनसोक्त बघून घेतली. मग एका संध्याकाळी आमच्या मॅडम घरी आल्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, येणाऱ्या मुलीला वसतिगृहात जागा मिळत नाहीये, तुमच्या मुलीची खोली तर रिकामीच राहणार. पप्पांनी त्यांना पुढचं बोलूच दिलं नाही. "पाठवून द्या मॅडम. घरच्यासारखी राहील."

म्हणजे अदलाबदल कशी झाली बघा. तिला माझी खोली, माझी आई, माझे पप्पा आणि बाल्कनीतून दिसणारी पांडवलेणी मिळाली. मला मिळाली हॉस्टेलची एक खोली, जिच्यात पलंगावर बसून हात लांब केला की शेगडी पेटवता यायची.

मी निघायच्या आधी काही दिवस ती येऊन पोचली. बारीक चणीची, कमी बोलणारी, सगळ्याला "हो आई" म्हणणारी. पहिल्याच सकाळी तिने पांघरुणाची घडी अशी घातली की आईने मला हाक मारून ती दाखवली. बोलली काहीच नाही, नुसती दाखवली. माझ्या डोळ्यांत ती मुलगी तेव्हापासून खुपायला लागली.

जपान वाईट होतं असं मी म्हणणार नाही. लायब्ररी तर इतकी छान की मी तिथे उगाच जाऊन बसायचे. पण रोज फोन लावून मी काही सांगायला जावं, तर आईकडे तिचं काहीतरी तयारच असायचं. "अगं, तिने काल भाकरी थापली. पहिलीच भाकरी टम्म फुगली." मला भाकरी येत नाही. कशी येणार? मी ओट्याजवळ गेले की आईच म्हणायची, तू जा, अभ्यास कर. मला जे शिकवायचं टाळलं होतं ते सगळं आता तिला शिकवणं चाललं होतं.

पप्पांचं तर विचारूच नका. ते ओझरच्या विमान कारखान्यात आहेत आणि घरी आल्यावर मोजकंच बोलतात. बारावीनंतर मी स्कूटर मागितली तेव्हा "मुंबई नाक्यावरचं ट्रॅफिक बघितलंस का?" एवढं बोलून त्यांनी मला सायकल आणून दिली होती. आणि एका रविवारी त्यांनी मला फोटो पाठवला. गंगापूर धरणाच्या रस्त्यावर ती त्यांची स्कूटर चालवतेय, डोक्यावर माझं हेल्मेट, मागे पप्पा दोन्ही हात सोडून बसलेले. खाली त्यांनी लिहिलं होतं, "लय भारी चालवते." माझे पप्पा लय भारी असं कधी म्हणत नाहीत. हा शब्द तिने गल्लीतल्या पोरांकडून उचलला होता आणि तिच्याकडून तो पप्पांकडे आला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उत्तरात एक अंगठा पाठवला.

नोव्हेंबरात माझा वाढदिवस आला. आमच्याकडे वाढदिवसाला सकाळी औक्षण करतात. आईचा लाल रंगाचा, पितळी फुलं ठोकलेला एक पाट आहे. तो वर्षभर माळ्यावर असतो आणि त्या दिवशी खाली उतरतो. त्याच्याभोवती रांगोळी, समोर तबक, तबकात निरांजन, सुपारी आणि आईची अंगठी. मी दर वर्षी त्या पाटावर बसले आहे. तिकडे दुपार होत आली होती, मी कॅन्टीनच्या बाहेर कठड्यावर बसून व्हिडिओ कॉल लावला. मला वाटलं होतं, आई हल्ली सगळे करतात तशी मोबाइललाच ओवाळेल.

स्क्रीनवर पाट दिसला, रांगोळी दिसली, आणि पाटावर ती बसलेली दिसली.

"हे काय?" मी म्हटलं.

"अगं, मोबाइलला काय ओवाळायचं?" आई म्हणाली. "आणि फोटोला म्हणशील, तर जित्याजागत्या पोरीच्या फोटोला कुंकू लावायचं का? मग पाटावर कोण बसणार? ही बसली तुझ्या नावाने. हे तुलाच आहे हां, हिला नाही."

फोन पप्पांनी धरला होता. आईने तिच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, अंगठी आणि सुपारी ओवाळली, मग निरांजन. ती मान खाली घालून इतकी छान बसली होती की एवढ्या वर्षांत मी तशी कधी बसले नव्हते. मला नेहमी हसू यायचं, नाही तर धुराने शिंक यायची. आईने तिच्या तोंडात पेढा घातला, आणि मग सवयीने, अगदी सवयीने, हाताची पाठ तिच्या गालावरून फिरवली.

हे माझं होतं. कुंकू, पेढा, पाट घे बाई, पण हे माझं होतं. मी लाल बटण दाबलं.

लगेच आईचा मेसेज आला, काय झालं? मी लिहिलं, नेटवर्क गेलं. मग मी कठड्यावर बसून रडले. शेजारच्या मुलांनी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं.

त्यानंतर असे ऐन वेळचे फोन मी बरेचदा कापले. ती आईच्या केसांना मेंदी लावत असली की नेटवर्क गेलं. ती पप्पांबरोबर क्रिकेटची मॅच बघताना दिसली की गेलं. आई बिचारी म्हणायची, एवढा पुढारलेला देश आणि नेटवर्कचं असं कसं?

पुढच्या ऑगस्टात आम्हा दोघींची परतीची वेळ एकच होती. आमची विमानं वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेली असतील. मी दारात पोचले. आईने भाकरीचा तुकडा आणि पाणी माझ्यावरून ओवाळून टाकलं, आणि मी ऐटीत चपला काढून, त्यांची तोंडं दाराकडे वळवून, नीट जोडून ठेवल्या. तिकडे सगळे तशाच ठेवतात. कुणीतरी विचारेल आणि मी सांगेन, असं मी विमानातच ठरवलं होतं. मग माझं लक्ष गेलं. पप्पांच्या चपला, आईच्या चपला, सगळ्यांची तोंडं आधीच दाराकडे होती.

जपानचं जे जे मी आणलं होतं ते घरात आधीच येऊन बसलं होतं. तांदूळ किती पाण्यांनी धुवायचा ते आईला माहीत होतं. मी तिथल्या हिरव्या चहाचं पाकीट काढलं तर पप्पा म्हणाले, "हा जरा कडू असतो ना?" माझ्या कपाटाचा एक कप्पा मोकळा होता, स्वच्छ पुसलेला. आई दोन-तीनदा त्या कप्प्याकडे बघत उभी राहिलेली मला दिसली. मी समोर असताना आईला त्या मुलीची आठवण येत होती. याला काय म्हणायचं?

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी मी उठले तर पाट खाली उतरलेला. माझ्या वाढदिवसाला अजून अवकाश होता.

"आज तिचा आहे," आई म्हणाली. "मागच्या वर्षी नवीन होती, बोललीच नाही बाई. आम्हाला नंतर कळलं. राहून गेलं तिचं. चल, अंघोळ करून ये."

"मी कशाला?"

"मग पाटावर कोण बसणार? पप्पा?"

मी बसले. तोंड फुगवूनच बसले, खोटं कशाला बोलू. पप्पांनी फोन लावला. ती तिच्या खोलीत होती, केस वाढलेले, अंगात आईने शिवलेला निळा कुर्ता. "आई, पप्पा," म्हणाली, आणि मला नमस्कार केला.

"हे तुलाच आहे हां," आई तिला सांगत होती, "हिला नाही." मग कुंकू, अक्षता, अंगठी, निरांजन. मी स्क्रीनकडे बघत होते. ती हसत होती, पण तिचं हसू एकाच जागी थांबलं होतं, आणि ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती आईच्या हाताकडे बघत होती. आईने माझ्या तोंडात पेढा घातला आणि हाताची पाठ माझ्या गालावरून फिरवली.

स्क्रीन काळी झाली.

"गेलं वाटतं नेटवर्क," पप्पा म्हणाले आणि फोन हलवून बघायला लागले.

"तुझंही असंच जायचं बघ," आई म्हणाली. "नेमकं ऐन वेळी."

मी त्या देशात वर्षभर राहिले होते. डोंगराखालच्या बोगद्यातून गाडी जाते तिथेसुद्धा नेटवर्क जात नाही. तिचा अंगठा कोणत्या बटणावर पडला होता ते मला पाटावर बसून दिसत होतं. त्या पाटावर ती एकदाच बसली होती, तेही माझ्या नावाने, आणि तिच्या नावाचं औक्षण आता मी घेऊन बसले होते.

"तिच्याकडे कुणी आलं असेल का गं आत्ता?" आईने निरांजन खाली ठेवत विचारलं. "की रागावली असेल कशावरून?"

"नाही गं," मी म्हटलं. "जातं तिकडे नेटवर्क. खरंच जातं."