जगदेव मिस्त्रीच्या सहा तारा

कारंज्याच्या जीनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, जगदेव मिस्त्रीशिवाय कापूस सरकी सोडत नाही, असं खुद्द जगदेव मिस्त्रीचं ठाम मत होतं. लढाईच्या वर्षांत नवी मोटर आली. तिच्या सहाही तारांना खुणेचे पितळी बिल्ले होते. ते वाचून कुणीही तारा जोडील, मग मिस्त्रीला कोण विचारणार? या भीतीनं त्यानं बिल्ले उपटून फेकले आणि फक्त आपल्याला कळतील असे रंगीत दोरे बांधले. एवढी दूरदृष्टी जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नव्हती.

पावसाळ्यात तारा सोडायच्या आणि दसऱ्यानंतर जोडायच्या, हा रिवाज होता. "मोटर म्हंजे देवी, तिची पूजा करा," असा हुकूमही मिस्त्रीचाच. बायांची मुकादम सोजरबाई हिनं तो मनापासून पाळला. एका दसऱ्याला तिनं पूजेआधी दोरे कापले आणि सहाही तारांना एकसारखा लाल नाडा बांधला.

"दोरे काहून कापले?" मिस्त्री धावत आला.

"देवीच्या आंगावर मयकट चिंध्या कायले ठेवाच्या?"

कापसाच्या गाड्या दारात उभ्या होत्या. मालक मदनसिंग म्हणाले, "जमत नसन तं सांगा, अकोल्याहून मिस्त्री आणतो."

मिस्त्रीनं अंदाजानं तारा जोडल्या. मोटर फिरली नाही, नुसती गुरगुरली आणि तापली. "देवी कोपली," त्यानं जाहीर केलं. मालकांनी देवीपेक्षा मिस्त्रीकडेच जास्त वेळ पाहिलं.

आता रीतसर शोधणं आलं. मोटरीत तारेची वेटोळी तीन, प्रत्येकाची दोन टोकं. ज्या दोन तारांमध्ये दिवा पेटेल, ती एका वेटोळ्याची जोडी. जोडीतलं डोकं, म्हणजे सुरुवातीचं टोक, कुठलं नि शेपूट कुठलं, ते त्यानंतर. दोन वेटोळी एकापुढे एक जोडून त्यांत बेतानं करंट सोडायचा आणि तिसऱ्याला टॉर्चचा बल्ब लावायचा. पेटला, तर एकाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्याला लागलं. नाही पेटला, तर दोघांतलं एक उलटं. पण बटण भिंतीपलीकडे जनरेटरजवळ, म्हणून बल्बाकडे पाहायला माणूस हवा. पुरुष उभा केला तर विद्या चोरील. बाई काय शिकणार, या हिशेबानं त्यानं सोजरबाईला बसवलं.

"नाई पेटला," ती सांगे. मग, "पेटला, दादा."

दुपारी मोटर फिरली. मिस्त्री छाती काढून उभा राहिला. सोजरबाईला त्याची दया आली आणि मालकांसमोरच ती म्हणाली, "आता बिल्ले बांधून टाका ना, दादा. दर सालच कायले हे हाल?"

"बराबर बोलली," मालक म्हणाले. कासाराकडून बिल्ले आले. ते मिस्त्रीनंच, मालकांच्या नजरेसमोर, आपल्या हातानं बांधले.

पुढच्या हंगामात मालकांनी कमी पगाराचा माणूस ठेवला. त्याला बिल्ले वाचता येत होते, आणि जीनला तेवढं पुरत होतं. जगदेव घरी बसून रडला. इतकी वर्षं उराशी बाळगलेली त्याची भीती तंतोतंत खरी निघाली होती, पण त्याबद्दल कुणी त्याला शहाणा म्हटलं नाही.