धाकट्या मामाचा दुसरा भाग

जगबुडी झाली तरी सोलापूर तेवढं शिल्लक राहणार, अशी छातीठोक खात्री असलेला माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच होता आणि तो माझा धाकटा मामा होता. "बाँब टाकणारा आधी नकाशा बघणार की," तो म्हणायचा, "आणि नकाशा बघून सोलापूरवर बाँब टाकावा असं कुणाला वाटंल? हितं पाऊससुदीक कोण टाकत न्हाय!" बहात्तरचा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, त्यामुळे निदान पावसाबद्दल त्याच्याशी वाद घालायला कुणी धजत नसे. त्याच्या मते दिल्ली पहिल्या दिवशी जायची, मुंबई-पुणं दुसऱ्या दिवशी, आणि उरायचं काय, तर सोलापूर आणि फार तर मोडनिंब. मोडनिंबच का, असं विचारलं तर म्हणायचा, "तितं आमची मावशी राहती. तिला कोण मारतंय!"

हा मामा एका चादरींच्या कारखान्यात नक्षीची कार्डं पाडायचा. चादरीवर मोर हवा असला की आधी पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्यांना ठरल्या जागी भोकं पाडायची, त्या पट्ट्या दोऱ्यानं ओळीनं ओवायच्या आणि ती माळ मागावर चढवायची. मग माग त्या भोकांबरहुकूम आपोआप मोर विणतो. दिवसभर हेच करून मामाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की यंत्राला वाचता येतं, आणि ज्याला वाचता येतं त्याला मन हे असणारच. म्हणून तो मागाला 'अहो' म्हणायचा. रेडिओ बंद करण्यापूर्वी "येऊ का मग?" असा निरोप घ्यायचा. एकदा घरातलं शिवणयंत्र कुरकुरायला लागलं, तर हा मामीला तेलच घालू देईना. "आधी काय झालंय ते तरी विचार की त्याला!" मामी तेलुगू विणकरांच्या घरातली, कामापुरतं बोलणारी. तिनं तेलाची बुधली हातात धरूनच "काय झालं बाबा?" असं यंत्राला विचारलं आणि त्याच दमात तेल सोडलं.

असल्या माणसानं यंत्रमानवांवर कादंबरी लिहिली नसती तरच नवल. पहिला भाग लग्नपत्रिकांच्या छापखान्यात, उरल्यासुरल्या कागदावर निघाला. त्यामुळे पहिलं प्रकरण गुलाबी, दुसरं पिवळं, आणि जगाचा नाश होतो त्या प्रकरणाच्या डोक्यावर गणपती. गोष्ट अशी, की जग बेचिराख झालंय, सोलापुरात यंत्रमानवांचं राज्य चाललंय, आणि ज्याच्या नावाचं भोकं पाडलेलं कार्ड सापडत नाही त्याला ते वेशीबाहेर हाकलतात. अशी वाळीत टाकलेली चाळीस पोरं तळ्यापलीकडे कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खाऊन जगतात. "कडक भाकरीला जगबुडीत काय होत न्हाय," हे मामाचं विज्ञान. शेवटी वेस धाडकन बंद होते, पोरं बाहेरच राहतात आणि पहिला भाग संपतो. मी तेव्हा नववीत होते. आमच्या वर्गातल्या मुलींनी ते पुस्तक फाटेस्तोवर वाचलं. मुली रोज मला विचारायच्या आणि मी रोज मामाला, "वेस उघडते की नाही?"

तिथंच तर गाडं अडलं होतं. कारण मामा स्वतःच वेशीबाहेर होता. त्यानं जातीबाहेर, मामीशी लग्न केलं त्या दिवशी थोरल्या मामांनी, म्हणजे त्याच्या सख्ख्या भावानं, "आजपासून हे घर तुला बंद," असं सांगून टाकलं. थोरले मामा शाळेत मराठीचे मास्तर. बोललेला शब्द मागे घेणं त्यांच्या व्याकरणात बसत नव्हतं. दोन गल्ल्यांचं तर अंतर, पण आठ वर्षांत ते धाकट्याच्या उंबऱ्यापाशी फिरकले नाहीत, की मामीच्या हातचं घोटभर पाणी प्यायले नाहीत. माझी आई दोघांच्या मधली बहीण, ती दोन्ही घरी जायची आणि दोन्ही घरी रडून यायची. मामा सगळं हसण्यावारी न्यायचा, पण दुसऱ्या भागाचा शेवट मात्र काही केल्या त्याच्याच्यानं होईना. एकदा मी चिडून म्हटलं, "यंत्रमानव तरी कुठं बघितलायस तू? ते लिहिलेस ना?"

"ते लिहिता येतंय गं," तो म्हणाला. "बंद झालेलं दार कसं उघडतं, ते मला खरंच ठाव न्हाय. ठोकून कसं देऊ?"

मला त्याची फार दया आली आणि मी पुन्हा विचारायचं सोडून दिलं.

बाकी दुसरा भाग तयार होता. कागदाची तेव्हा टंचाई, म्हणून मामानं तो कारखान्यातल्या बाद कार्डांच्या पाठीवर, भोकं चुकवत चुकवत लिहिला होता. आणि कार्डं हातात आली की ती ओवल्याशिवाय त्याला चैन कुठली! प्रकरणामागून प्रकरण रीतसर दोऱ्यात ओवून त्यानं ती माळ कारखान्यातच खुंटीला लटकवली. व्हायचं तेच झालं. एका विणकरानं नवीन नक्षी समजून कादंबरी उचलली आणि सरळ मागावर चढवली. माग बिचारा, समोर येईल ते वाचत गेला. दुपारपर्यंत जी चादर निघाली तिच्यावर मोराचे पाय, त्यावर गुलाबाचं डोकं, मध्येच देवळाचा कळस आडवा पडलेला, आणि एका कोपऱ्यात कुणाचा कोण जाणे, एक डोळा. "हे पांघरून झोप कुणाला लागणार?" मालकांनी कपाळावर हात मारला. मामाचे पाय मात्र जमिनीवर ठरेनात. "तुमच्या सगळ्यांच्या आधी यंत्रानं वाचली की माझी कादंबरी!" त्याच्याइतकी सुबक भोकं पाडणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून नोकरी वाचली.

सोलापुरात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! दोन दिवसांत थोरल्या मामांच्या वर्गात एका मुलीनं उभं राहून विचारलं, "सर, तुमच्या भावाच्या कादंबरीची चादर निघाली म्हणं. खरं काय?" 'तुमचा भाऊ' हे शब्द आठ वर्षांत त्यांच्यासमोर कुणी उच्चारले नव्हते. ते तास अर्धवट सोडून बाहेर पडले, असं त्या वर्गातल्या मुली सांगत होत्या.

त्या रविवारी मी मामाकडेच होते. बघते तर दारात थोरले मामा! डोक्यावर टोपी आणि काखेत तो गुलाबी-पिवळा पहिला भाग, पानोपान लाल शाईनं रंगवलेला.

"दादा, तुम्ही वाचलं व्हय?" मामानं विचारलं.

"तीन वेळा. शुद्धलेखनाचा पार मुडदा पाडलायस," ते उंबऱ्याबाहेरूनच कडाडले. "दुसरा भाग आण. छापायच्या आधी मी बघणार."

मामानं ती तेलकट माळ आणून दिली. ते दारातच, चपला न काढता, एकेक कार्ड सरकवत वाचू लागले. ऊन चढत गेलं. मामी पाण्याचा पेला घेऊन आली आणि त्यांच्या हाताशी धरून उभी राहिली. मामानं तोंड भिंतीकडे फिरवलं. थोरल्या मामांनी वाचता वाचताच हात पुढे केला, पेला घेतला आणि गटागटा रिकामा केला. मग भानावर येऊन ते त्या पेल्याकडे बघतच राहिले.

"अजून देऊ?" मामीनं विचारलं.

"दे," ते म्हणाले आणि चपला काढून आत आले.

शेवट त्याच दुपारी लिहून झाला. यंत्रमानवांचा म्होरक्या एकटाच वेशीबाहेर येतो आणि एका पोरीनं पुढं केलेलं पाणी पितो, एवढंच. थोरल्या मामांनी लाल पेन टेकवलं. "अरे, लोखंडाचा ना तो? पाणी प्यायला तर गंजेल."

"गंजू दे की, दादा," मामा म्हणाला.

थोरल्या मामांनी पेन उचललं आणि टोपण लावून ठेवलं.

दुसरा भाग छापून काही आला नाही. तो छापखाना उठला, आणि पुढच्याच वर्षी थोरले मामा गेले. तेवढं एक वर्ष मात्र दर रविवारी ते धाकट्याकडे जेवायला असत आणि दोघं ऱ्हस्व-दीर्घावरून कडाकडा भांडत. आता धाकटा मामाही नाही, कार्डांची माळ माझ्याकडे आहे. कधी काढून वाचायला बसले की खूप हसते, आणि मग आठवतं की त्या दोघांना रविवार किती थोडे मिळाले. एका पेलाभर पाण्यासाठी आठ वर्षं गेली हो.