दोन सारखे व्हॉल्व्ह

आमच्या महाडच्या रसायन कारखान्यातला तो जुना ऑपरेटर बिरवाडीहून सायकलने यायचा. व्हॉल्व्ह फिरवला की त्यावर दोनदा थाप मारायचा आणि बोलणं "असं हाय बघा" म्हणून संपवायचा. मी तिथली सुरक्षा अधिकारी. कामगारांनी आपल्या चुका न घाबरता कळवाव्यात म्हणून मी एक पेटी लावली होती. पण प्रत्येक निनावी चिठ्ठीवर एवढंच असायचं, 'सर्व ठीक'. पूर्वी चूक कबूल केलेल्या एकाला घरी बसवलं होतं, ते कुणी विसरलं नव्हतं.

एका सकाळी पाळी बदलतानाच्या बैठकीत, नव्या मॅनेजरांसमोर, तो जुना ऑपरेटर उठून उभा राहिला.

"काल मी चुकीचा व्हॉल्व्ह उघडला. लगेच ध्यानात आलं, बंद केला. काय झालं नाय. पण दोन्ही व्हॉल्व्ह सारखेच दिसतात. उद्या दुसरा कोण चुकंल. असं हाय बघा."

हेल्मेट उचलत मॅनेजर म्हणाले, "चला, मला दाखवा."

दुपारपर्यंत त्यातला एक व्हॉल्व्ह लाल रंगवून झाला. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला विचारलं, "नोकरी जाईल अशी भीती नाही वाटली?"

"वाटली तर, मॅडम! सकाळची भाकरी घशाखाली उतरली नाय," म्हणत त्याने डबा उघडला आणि मनापासून जेवायला लागला.

त्या आठवड्यात पेटीत चुका कळवणाऱ्या बऱ्याच चिठ्ठ्या आल्या. खाली नावं लिहिलेल्या.