पबाचं गाऱ्हाणं

वळणावरच्या मांगरावर, म्हणजे जुन्या कौलारू कोठारावर, रंगारी पाटी रंगवायला चढला, तेव्हा आपल्याकडे पेट्रोल पंप येतोय ही बातमी वाडीभर मीच पसरवली. पाटीवर ‘पब’ असं लिहिलेलं होतं. मी जन्मभर पोरांचं शुद्धलेखन तपासलेली बाई. मला वाटलं, मेल्याने टिंब खाल्लं आणि वर ‘प’चा ‘ब’ केला. भर दुपारी छत्री उघडून त्याला झापायला गेले.

"अरे, टिंब खंय?"

तो शिडीवरून खालीही न बघता म्हणाला, "बाई, पंप नाय. पब. बसान पितत, ता."

कपाळ माझं! तोवर अर्धी वाडी खूश झाली होती, आता मालवणपर्यंत जायला नको म्हणून. मी छत्री मिटली आणि उन्हातूनच घरी आले.

माझा धाकटा भाऊ दारूने गेला. त्याला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. घरात प्यायचा नाही तो, मला भ्यायचा. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या आडोशाला बसायचा. एका सकाळी तिथेच सापडला.

ज्या मांगरात हा पब होणार होता, तो शेजारच्या काकांचा. काका रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, आणि ती जाळी त्या मांगरात असायची. रापण थांबली, मांगर रिकामा पडला. त्यांची मुलगी माझ्याच हाताखाली अक्षरं शिकलेली. गोव्यात हॉटेलांत राबून परत आली आणि बापाला म्हणाली, "मांगर माका दी."

त्यानंतरच्या दुपारी मला नीट आठवत नाहीत, किंवा सगळ्या एकीतच मिसळल्यात. जेवून पडवीत आरामखुर्चीवर पडायचं. माडांच्या सावल्या अंगणात हळूहळू सरकायच्या. समोरून हातोड्याचे ठोके यायचे, मागून समुद्राची गाज, आणि डोळा लागता लागता दोन्ही एकच व्हायचं. मग भाऊ यायचा. ओले पाय, हातात कालवांची पिशवी. पायरीवर बसून विचारायचा, "बाय, जेवलंस?" मी हो म्हणायचे आणि जागी व्हायचे. पायरी कोरडीच असायची. खरं सांगते, त्या दिवसांत जागं व्हायचा मला राग यायचा.

वाडीत मात्र जोरात चर्चा होती. पर्यटकांना खोल्या देणारे खूश. बचत गटातल्या बायका तापलेल्या, पण त्यांतल्याच एकीने तिथे सोलकढी पुरवायचं कबूल करून टाकलं होतं. पुरुषांचं दुखणं वेगळंच. "उजेडात बसान कशी पियाची? समोरसून बायल गेली तर?" असं एकाने मला, बाईला, विचारलं! टोकाच्या घरातले मासळीचे व्यापारी चाचा त्या पोरीबद्दल म्हणाले, "आमका ता वर्ज्य. पण चेडवान कष्ट केल्यान हत, ता काय वर्ज्य नाय." आणि आमच्या राखणदार देवाला वर्षातून एकदा बाटली आणि विडी लागतेच, ती नेऊन ठेवणारे हेच सगळे. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, देवाची गोष्ट वेगळी.

मी काय कमी होते? एके सकाळी मासळी घेताना, टोपलीभोवती दहा बायका असताना, माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या मांगराक माझो तळतळाट लागतलो." मासेवालीचा हात बांगड्यावरच थांबला. आमच्याकडे असले शब्द कोणी उगाच उच्चारत नाही, आणि उच्चारले तर विसरत नाही.

संध्याकाळी ती मुलगी माझ्याकडे आली. पायरीवर बसली, जिथे माझा भाऊ बसायचा तिथेच. तिला काय ठाऊक.

"बाई, बापूस गाऱ्हाणा घालूक तयार नाय. म्हणता, बाईंचो शब्द इलो हा, आता देवाक कसा सांगू?"

बाहेरच्यांना गाऱ्हाणं म्हणजे तक्रार वाटते. आमच्याकडे ते देवाशी मोठ्याने केलेलं बोलणं. होडी पाण्यात घालताना, घर बांधताना, लग्न निघताना एक जाणता माणूस देवाला सगळं सांगतो, मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. लोकांनी व्हय म्हटलं नाही तर ते मागणं तिथेच पडून राहतं. काकांनी आयुष्यभर साऱ्या वाडीची गाऱ्हाणी घातली. आता पोटच्या पोरीचं अडलं होतं, आणि त्याशिवाय ती कुलूप काढणार नव्हती.

"मी काय करू तेका?" मी तोडून बोलले. "माझो भाव काय परत येतलो?"

ती उठली नाही. खाली मान घालून म्हणाली, "बाई, तो होडयेच्या आड बसा होतो. कोणाक दिसलो नाय म्हणान गेलो. माझ्याकडे बसलो असतो तर मी तेका घराक आणून सोडलंय असतंय."

मला इतका संताप आला की मी आत निघून गेले. स्वयंपाकघरात उभी राहून रडले. कारण तो लपत होता तो माझ्यापासून, हे ती बोलली नाही तरी मला ऐकू आलं होतं.

काकांकडे मी निरोप पाठवला, घाला गाऱ्हाणं. बस, एवढाच. मी येईन असं काही म्हटलं नव्हतं.

पण पब उघडायच्या दिवशी चार वाजता गेले. ऊन मऊ झालं होतं, खाडीवरून धुरकट उजेड येत होता आणि रस्त्यावर उभी असलेली माणसं अर्धवट पुसल्यासारखी दिसत होती. आत कोणी शिरलं नव्हतं. उंबऱ्यावर नारळ, विडा. काका डोक्याला टॉवेल गुंडाळून उभे.

"बा देवा म्हाराजा! ह्या माझ्या चेडवान आज हंयसर नवो धंदो मांडल्यान हा. तेका येस दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" रस्ता म्हणाला. चाचांचा आवाजही त्यात होता.

"येतलो तेका सुखान आण, जातलो तेका सुखान घराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग काका थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण आवाज खाली आला.

"आणि ह्या दारून ज्या बहिणीचो भाव नेल्यान, तिचो तळतळाट ह्या चेडवाक लागूक देव नको रे म्हाराजा..."

ह्या वेळी ‘व्हय’ आलं नाही. माडांत वारा होता, गाज होती, आणि सगळी वाडी माझ्याकडे बघत होती. हे उत्तर त्यांचं नव्हतं. उंबऱ्याशी ती मुलगी हात जोडून, डोळे घट्ट मिटून उभी होती, शाळेत निकाल ऐकताना उभी राहायची तशी. मला भावाला हाक मारायची होती, सगळ्यांसमोर, मोठ्याने, की ये रे, माझ्यासमोर बस.

"व्हय," मी म्हटलं.

पुढचा शब्द माझ्या तोंडून निघेना. तो सगळ्यांनी मिळून म्हटला.