मेहेंदळ्यांच्या टाकीतल्या गौरी

बायकोची पिठाची चाळणी पळवून कृष्णेची वाळू चाळणारा आणि वर "तुझं पीठसुद्धा इतकं बारीक पडत नाही" असं तिलाच ऐकवणारा माणूस सांगलीत एकच असेल, आणि तो नेमका आमच्या शेजारी राहतो. नारायणकाका मेहेंदळे. पद्माकाकूंनी ती चाळणी परत स्वयंपाकघरात घेतली नाही. ती अजून बैठकीच्या खोलीत, माशांच्या टाकीशेजारी खिळ्याला लटकलेली आहे. आल्यागेल्याला काकू ती दाखवतात, जसे लोक मुलांची पदकं दाखवतात.

काका मूळचे वाईचे. लहानपणी घाटावर बसायचे ते गळ न टाकता. नुसते पाण्यात बघत. वडिलांनी सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं की धाकटा जरा मंद आहे. मंद मुलगा पुढे वीज मंडळात लागला, बदलीवर सांगलीत आला, इथलीच मुलगी करून इथलाच झाला. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात काकूंनी लोणच्यासाठी धुऊन वाळवलेल्या बरणीत गप्पी मासे पोहताना दिसले. काकू सांगतात, "तेव्हाच माहेरी परत जायला हवं होतं. पण कैऱ्या चिरून ठेवलेल्या होत्या."

निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात. काका कोल्हापूरला गेले आणि मांडीवर पाण्यानं फुगलेली पिशवी घेऊन एसटीनं परत आले.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"जिओफेगस."

"मराठीत सांगा."

"माती खाणारे मासे. अमेझॉन नदीतले."

"म्हणजे तुम्ही माती खाल्लीत," काकू म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

मासे मात्र देखणे, ते मला मान्य करावंच लागेल. अंगावर निळ्या टिकल्यांच्या ओळी, शेपटीला लांब तांबडे दोरे. आणि खाण्याची तऱ्हा अशी की पाहत राहावं. वाळूत तोंड खुपसायचं, बचकाभर वाळू तोंडात घ्यायची, चघळायची, त्यातलं खाण्यासारखं असेल ते ठेवून बाकीची कल्ल्यांतून भुरभुर सोडून द्यायची. दिवसभर तेच. सुपात तांदूळ निवडत बसलेली चांगल्या घरची बाईच जणू. आमचे हे, म्हणजे कृष्णात, फौजेतून आलेले. ते पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा बराच वेळ टाकीसमोर उभे राहिले. काका खूश झाले. मग हे म्हणाले, "काका, लय भारी हाय. पर काटं किती असतील?" त्यानंतर महिनाभर काकांनी यांना चहा विचारला नाही.

काकांना एकच ध्यास लागला होता. या माशांची पिल्लं आपल्या टाकीत झालेली बघायची. या जातीची मादी चपट्या दगडावर अंडी घालते, ती उकलायला आली की तोंडात भरून घेते, आणि पिल्लं पोहती झाली तरी संकट दिसलं की पुन्हा तोंडात लपवते. काका हे सांगायचे तेव्हा त्यांचा स्वतःचाही जबडा जरा पुढे यायचा. पण प्रत्यक्षात व्हायचं भलतंच. अंडी पडली की काका कुंपणावरून हाळी देणार, मग आख्खी गल्ली बाळंतिणीला भेटायला जावं तशी टाकीपुढे जमणार, कोणीतरी काचेवर टकटक करणार, आणि सकाळी दगड लखलखीत. घाबरलेली मादी स्वतःची अंडी स्वतःच गिळून मोकळी.

शेवटी काकूंचा धीर सुटला. टाकी ठेवायची म्हणून त्यांच्या माहेरचा शिसवी दिवाण माळ्यावर गेला होता. त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "यंदाचे गणपती जायच्या आत पिल्लं दिसली तर ठीक. नाहीतर टाकी जाईल आणि माझा दिवाण खाली येईल." काकांनी शब्द दिला. साक्षीदार म्हणून मी होतेच. असं काही असलं की मी असतेच.

गौरी यायच्या आदल्या दिवशी मादीनं पुन्हा अंडी घातली. वाईच्या घाटावरून काकांनी आणलेला एक काळा चपटा दगड होता, पेढ्यापेक्षा थोडा मोठा, त्यावर. आणि या वेळी काका शहाणे झाले. त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. मला नाही, सुनेला नाही, बायकोलाही नाही. हाळी नाही तर गर्दी नाही, गर्दी नाही तर भीती नाही, असा त्यांचा हिशेब.

आता गौरींचं सांगते. आमच्या शिराळ्याकडच्या गौरी उभ्या, मुखवट्याच्या, नऊवारी नेसून दागिने घालून बसवायच्या. मेहेंदळ्यांच्या गौरी म्हणजे सात खडे. घरच्या सवाष्णीनं पाणवठ्यावरून ताम्हनात आणायचे. आणताना तोंडात पाण्याची चूळ धरायची, म्हणजे वाटेत बोलणं नको. मागं कोणीतरी ताट वाजवत चालायचं. ते काम दरवर्षी माझ्याकडे, कारण चूळ धरायचं काम मला जमणार नाही यावर दोन्ही घरांचं एकमत आहे.

त्या वर्षी कोयनेतून पाणी सोडलं होतं आणि घाटाच्या पायऱ्या कृष्णेखाली गेल्या होत्या. खडे आणायचे कुठून? सून ज्ञानदा म्हणाली, "आई, टाकीत कृष्णेचीच वाळू आहे, खडेही तिथलेच. पाणवठाच की तो."

काकूंना पटलं. काकांचा चेहरा पडला.

"नको," काका म्हणाले.

"का नको?"

"पाणी... गार आहे."

"आत हीटर आहे," ज्ञानदा म्हणाली.

काकांना खरं कारण सांगता येईना. त्यांनी घाईघाईनं पुढच्या कोपऱ्यात सात गोल खडे नीट मांडून ठेवले, "हेच घे हं" असं बजावलं आणि केवडा आणायला मंडईत पळाले.

पण काकूंची गौर अशी दुसऱ्यानं मांडून ठेवलेली कशी चालेल? चूळ भरून, चष्मा काढून, पदर खोचून त्यांनी टाकीत हात घातला. सहा खडे पुढचे घेतले. सातवा त्यांना मागच्या बाजूला दिसला. काळाभोर, आणि वर मोत्यांची रास मांडल्यासारखे दाणे. त्यांनी तो उचलला तशी मादीनं त्यांच्या बोटाला कडकडून चावा घेतला. काकूंचे डोळे एवढे मोठे झाले, पण तोंडातला एक थेंब सांडला नाही. मी नाकातून हसले. माझ्या हातातलं ताट वाजायच्या आधीच खाली पडलं.

मागच्या दारानं बाहेर पडून घराला वळसा घालून आम्ही पुढच्या दाराशी आलो, ज्ञानदा दूधपाणी घेऊन उभी, तोच फाटकातून काका आले. त्यांनी ताम्हनाकडे पाहिलं. केवडा हातातून गळला.

"पद्मा," ते म्हणाले, "तो दगड."

काकूंनी मान हलवली. बोलायचं नाही.

"पद्मा, त्यावर अंडी आहेत."

मी ताट वाजवायचं थांबवलं. माझ्या मनात आलं ते मी बोलूनही टाकलं, "काकू, दिवाणासाठी तर नाही ना?" काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की चूळ नसती तर मी आज हे लिहायला नसते.

अडचण खरी होती. दारात आलेली गौर माघारी फिरवत नाहीत. चूळ टाकता येत नाही. आणि अंडी वाऱ्यावर सुकत चाललेली. ज्ञानदानं झटकन काकूंच्या पायांवर दूधपाणी घातलं. काकू उंबरा ओलांडून आत आल्या, पाटाजवळून, रांगोळीजवळून, कलशाजवळून तरातरा पुढे गेल्या आणि सरळ टाकीपाशी जाऊन त्यांनी तो दगड अलगद जागच्या जागी ठेवला. मादी लगेच त्यावर येऊन पंखांनी वारा घालू लागली. उरले सहा. पण गौरी सम कशा चालतील? काकूंनी एक क्षण विचार केला आणि बाकीचे सहाही आत सोडले. मग चूळ गिळून टाकली आणि पहिलं वाक्य बोलल्या.

"देवानं तोंड दिलंय ना तुम्हाला? मग ते आज कशाला बंद ठेवलं होतंत?"

काका केवड्यातल्या उंदरासारखे उभे होते. केवड्यात उंदीर असतो की नाही मला माहीत नाही, पण ते तसे दिसत होते.

अशा रीतीनं मेहेंदळ्यांच्या गौरी त्या वर्षी पाण्यातच बसल्या. बसलेल्या गौरी आता हलवायच्या नाहीत, म्हणून टाकीलाच फुलांची माळ, टाकीपुढेच रांगोळी, घावन-घाटल्याचा नैवेद्य काचेपुढे. खरी धास्ती दुसऱ्या दिवसाची होती. संध्याकाळी हळदीकुंकवाला गल्लीतल्या सगळ्या बायका येणार, ह्याच खोलीत, आणि आमच्या बायका बोलू लागल्या की भांडी किणकिणतात.

"राजेश्वरी," काका मला म्हणाले, "कोणाला काही सांगू नकोस बाई."

मी कोणालाच सांगितलं नाही. ज्यांनी विचारलं त्यांनाच फक्त सांगितलं.

तोड काकूंनीच काढली. दारात ज्ञानदाला तांब्या घेऊन उभी केली. येणाऱ्या प्रत्येकीनं चूळ धरायची, मगच आत. "यंदा आमच्या गौरीचा तसा नेम आहे," काकूंनी सांगून टाकलं आणि स्वतः पहिली चूळ भरली. संध्याकाळी त्या खोलीत पंधरा-वीस बायका दाटीनं बसल्या होत्या, सगळ्यांचे गाल फुगलेले, कोणी हूं की चूं नाही. हळद, कुंकू, ओटी, सगळं खाणाखुणांनी. पैठणी कुठून घेतली हे विचारता येत नव्हतं. एकीच्या डोळ्यांत त्यामुळे पाणी आलं होतं. मी खिडकीशी बसून पदरात तोंड खुपसून हादरत होते.

आणि त्याच वेळी मादी दगडावर वाकली. एक एक करून ती दाणे उचलून तोंडात घेऊ लागली.

काका टाकीजवळ पहारा देत होते. ते हळूच खाली बसले. "खाल्ली," ते म्हणाले. सगळ्या खोलीत त्यांचं एकट्याचंच तोंड रिकामं होतं. "याही वेळी खाल्ली. पद्मा, दिवाण उतरवून घे."

कोणाला बोलता येईना. मादीनं शेवटचा दाणाही उचलला. दगड लखलखीत. काकूंनी काचेजवळ वाकून पाहिलं, मग काकांचा खांदा धरून त्यांना आपल्याकडे वळवलं. स्वतःच्या फुगलेल्या गालावर बोट ठेवलं. मग काचेवर, माशाच्या गळ्याखालच्या फुगाऱ्यावर बोट ठेवलं. पुन्हा स्वतःच्या गालावर. मग गाल हलवून दाखवले आणि मान नकारार्थी हलवली. गिळलं नाही. धरलंय.

काकांनी माशाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग खोलीभर पसरलेल्या त्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मला काही आवरलं नाही. माझी चूळ थेट समोरच्या बाईच्या पैठणीवर गेली, तिची शेजारणीवर, आणि मग खोलीत असा काही पाऊस पडला की ज्ञानदा फरशी पुसायचं फडकं घेऊन धावली. माशानं मात्र थेंब सांडला नाही. तो कोपऱ्यात जाऊन गाल फुगवून आमच्याकडे बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी गौरी बोळवायच्या. आमची वरात टाकीपाशी जाऊन थांबली. काकू म्हणाल्या, "पाण्यातच तर आहेत. कुठं बोळवू?" दहीभात दाखवला आणि विषय संपवला. गणपती गेले तरी दिवाण माळ्यावरच. मी आठवण करून दिली, तर काकू म्हणाल्या, "तुझ्या घरचं बघ."

मग रोज सकाळी काका मला कुंपणावरून नुसती मान हलवायचे. अजून नाही. मादी खात नव्हती, काकाही धड जेवत नव्हते. काकू दोघांवर सारख्याच करवादत होत्या.

एके दिवशी मी भाकरी थापत होते. स्वयंपाकघराच्या खिडकीत काका उभे. गाल टम्म फुगलेले, डोळे बाहेर, एक हात छातीवर. मी घाबरून म्हटलं, "काका, दात दुखतोय?"

त्यांनी जोरजोरात मान हलवली आणि आपल्या घराकडे बोट दाखवलं. ओठांच्या कोपऱ्यातून पाण्याची धार हनुवटीवर आली, ती त्यांनी बाहीनं पुसली. हाळी द्यायचा मोह होऊ नये म्हणून गड्यानं स्वतःच चूळ धरली होती.

मी तव्याखालचा गॅस बंद केला, माठातून पेलाभर पाणी तोंडात घेतलं आणि पिठाच्या हातांनीच त्यांच्या मागं निघाले. कृष्णात ओसरीवर पेपर वाचत बसले होते. "कुठं चाललीस गं?" त्यांनी विचारलं. मी गाल दाखवले. त्यांनी पेपर ठेवला, उठले आणि मुकाट्यानं माठाकडे गेले.