मागचं दार

शेजारच्या मार्थामावशीचा शेवट जवळ आला, तेव्हा पाळकसाहेब प्रार्थनेला आले. मी तिच्या उशाशी बसले होते. साहेब मायेने म्हणाले, "मावशी, घाबरू नका. प्रभूच्या घरी सगळे भेटतील. तुमचे योसेफराव तर दारातच वाट बघत असतील."

योसेफरावांनी तिला जन्मभर मारलं होतं. तिचा डावा कान त्यांच्याच हाताने गेला होता. मरण्याआधी त्यांनी क्षमा मागितली, पण ती प्रभूजवळ, तिच्याजवळ नाही. ते गेल्यानंतर कुठे ती अंगणात बसून सावकाश चहा प्यायला लागली होती.

मावशीने साहेबांकडे पाहिलं. "त्या घराला मागचं दार आहे का हो?"

साहेबांनी डोळे मिटून स्तोत्र सुरू केलं. स्वर्गात अश्रू नसतात, असं आपण किती सहज सांगतो. तिथे कोण भेटणार, या विचारानेच कुणाला धडकी भरत असेल, हे मनातही येत नाही.

मावशी दुपारी गेली. दफनभूमीत जागा नव्हती, म्हणून योसेफरावांचीच कबर उघडून तिला त्यांच्यावर ठेवलं. मूठभर माती टाकताना तिची जाऊ मला म्हणाली, "भाग्यवान बाई. शेवटी नवऱ्याजवळच गेली."