कथील राहिलेला सांधा

घरात आल्यावर ते आधी चपला काढायचे, मग भिंतीवरच्या लाकडी पट्टीला उलटा हात लावायचे. तापलेल्या पोराच्या कपाळाला आपण लावतो, तसा. पट्टीच्या आतून विजेची तार गेलेली असायची. घरातली माणसं एकदम बोलू लागत, काल असं झालं, परवा तसं झालं. हात न काढता ते म्हणायचे, "थांबा. आधी दिव्याला विचारू."

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, पाटणकर बाजाराच्या आसपास ज्यांच्या घरी संस्थानी काळात वीज आली होती, त्यांना एवढ्यावरून मी कोणाबद्दल बोलते आहे ते कळलं असेल. आम्ही त्यांना नुसतं मिस्त्री म्हणत असू. त्यांचे पणजोबा फौजेबरोबर दक्षिणेतून आलेले. घरात तलवार होती, पण यांच्या हाती आली ती पक्कड आणि स्क्रू पिळायचा पेचकस. ऐट मात्र घोडदळाचीच होती. शिडीसुद्धा रिकिबीत पाय टाकल्यासारखी चढायचे. "अख्ख्या लष्करात माझा तारेचा एक सांधा हलला असेल तर दाखवा," हे ते कोणी न विचारता ऐकवत. ऐकणाऱ्याला थोडा राग यायचा आणि बोलणं खरं असल्यामुळे जास्तच यायचा.

मी साताऱ्याची. माहेरी कंदील. लग्न होऊन इथे आले तेव्हा बटण दाबलं की उजेड पडतो याचंच मला कोण कौतुक! ते सुख दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवसापासून दिवे लुकलुकू लागले. दिवाणखान्यातला, माजघरातला आणि स्वयंपाकघरातला. पानातला वरणभात दिसायचा, नाहीसा व्हायचा, पुन्हा दिसायचा. सासूबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं बत्ती कशी बढिया चालली होती. बस, सून आली आणि सुरू." सगळ्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. शेजारणी पायगुण हा शब्द हळू आवाजात बोलत, पण मला ऐकू येईल इतपतच हळू.

महिनाभरात सासूबाईंनी मामंजींकडून माझ्या वडिलांना पत्र लिहवून घेतलं. मुलीला काही महिने घेऊन जा, ग्रहांची शांत करवा, मग पाहू. त्या 'मग पाहू'चा अर्थ मला कळत होता. परत पाठवलेल्या मुलीचं काय होतं, ते मी आमच्या आळीत पाहिलं होतं. पत्र कोनाड्यात ठेवलेलं होतं आणि सोमवारी टपालात पडायचं होतं.

रविवारी दिवेलागणीला मिस्त्री आले. मामंजींनीच बोलावलं होतं, सासूबाईंना न सांगता. सासूबाई म्हणाल्या, "यात तुमचं काम नाही मिस्त्री. सून आल्यापासून हे चाललंय."

"थांबा, आईसाहेब. आधी दिव्याला विचारू."

मग त्यांनी घरातल्या प्रत्येकाला एकेका दिव्याखाली उभं केलं. मामंजी दिवाणखान्यात, सासूबाई माजघरात, मी स्वयंपाकघरात, आणि आमचे हे ओसरीवर. दिवा लुकलुकला की ज्यानं त्यानं हाक द्यायची. आता सासऱ्यांच्या कानावर जाईल अशी हाक नव्या सुनेनं मारायची कशी? मी ओठातल्या ओठात पुटपुटले. माजघरातून मिस्त्री ओरडले, "वहिनीसाहेब, माझे कान इथे आहेत, चुलीत नाहीत! जोरात!"

मी पदर मुठीत धरून ओरडले, "लुकलुकला!"

"इकडेही!" मामंजी.

"इथेपण!" सासूबाई. त्यांना आता मजा वाटू लागली होती, पण तसं कबूल करणाऱ्या त्या नव्हेत. ओसरीवरचा दिवा मात्र एकदाही हलला नाही, त्यामुळे हे उगीचच हिरमुसले.

"तिन्ही एकदम, ओसरीचा नाही. म्हणजे दोष ओसरीच्या पुढे, तार माजघरात शिरते तिथे." मिस्त्रींनी माजघराच्या दारावर शिडी लावली आणि वीज बंद करवली. गुडुप अंधार झाला. कंदील होता, पण तो झटपट लावायची सवय या घरात कोणालाच राहिली नव्हती. मी लावला आणि शिडीखाली धरून उभी राहिले. "हात पक्का आहे," वरून आवाज आला. त्या घरात माझ्याबद्दल कोणी बोललेला तो पहिला चांगला शब्द.

त्यांनी पट्टी उघडली. कंदिलाच्या उजेडात मला त्यांची बोटं दिसत होती. एका सांध्यावरून ती दोनदा फिरली. मग काळा पडलेला तारेचा तुकडा कापून घेऊन खाली उतरले आणि तळहातावर धरून सासूबाईंपुढे उभे राहिले.

"आईसाहेब, हा सांधा माझा. लग्नात मांडवाच्या दिव्यांना इथूनच तार घेतली होती. ती घेताना सांध्याला नुसता पीळ दिला, कथील वितळवून तो पक्का करायचं राहिलं. वहिनीसाहेबांनी उंबरठ्यावरचं माप ओलांडलं, त्याच्या आधीच मी ही चूक करून बसलो होतो."

हे त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, शिपाई वरिष्ठांना वर्दी देतो तसं. सासूबाईंनी तो तुकडा बोटांनी उलटवून पाहिला. मग मला म्हणाल्या, "मिस्त्रींना चहा टाक. आणि तूही घे." दुसऱ्या दिवशी मामंजींनी त्या पत्राच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर भाजीची यादी केली. आठवडाभरात सासूबाई शेजारणींना सांगू लागल्या की आमच्या सुनेनं कंदील धरला म्हणून दोष सापडला!

मिस्त्रींना मात्र ते महागात पडलं. बाजारातून जाताना लोक विचारत, "काय मिस्त्री, सांधा हलला?" एका सरदारांनी त्या वर्षीची दसऱ्याची रोषणाई दुसऱ्याकडे दिली. मी एकदा न राहवून म्हटलं, "उंदरानं तार खाल्ली म्हणाला असतात, तरी चाललं असतं की."

"उंदीरसुद्धा सून आल्यावरच आले, असं आईसाहेब म्हणाल्या असत्या," ते म्हणाले, आणि मिशीत हसले.

पुढे दर वर्षी दसऱ्याच्या आधी ते न बोलावता यायचे. त्या पट्टीला उलटा हात लावून म्हणायचे, "थंड आहे." बस्स, तेवढंच. अख्ख्या लष्करात आपला सांधा हलला नाही, हे वाक्य मात्र त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. मला त्यांचा अभिमान वाटतो तो त्या न उच्चारलेल्या वाक्यासाठी. मोठेपणा सांगणारे पुष्कळ पाहिले, तुम्हीही पाहिले असतील. स्वतःची चूक इतक्या ऐटीत सांगणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

ते गेल्यावर पुढच्या खंडेनवमीला त्यांच्या पत्नीनं मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "शस्त्रांना कुंकू तुम्ही लावा. माझ्या हातानं आता नको." पाटावर लाल कापड घातलेलं होतं. त्यावर पणजोबांची तलवार, शेजारी पक्कड, पेचकस आणि कडेला बोटभर लांबीचा काळा तारेचा तुकडा.

"हा तुकडा दर वर्षी ते स्वतः मांडायचे," त्या म्हणाल्या. "कशाचा आहे ते कधी सांगितलं नाही. तुम्हाला माहीत आहे का?"

मी मान डोलावली.  करंगळीशेजारच्या बोटानं कुंकू घेतलं आणि आधी त्या तुकड्याला लावलं, मग तलवारीला.